पाण्यात गाडी का बंद पडते?

अहिल्यानगर जिल्ह्याचा (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, नाव २०२४ मध्ये बदलले) नकाशा वर्गात लावला, तर एक विरोधाभास चटकन दाखवता येतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडी भागात एका पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडचे पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा या नद्या डोंगरातला पाऊस खाली घेऊन येतात. त्यामुळे डोक्यावर कोरडे आभाळ असतानाही गावच्या फरशीवर गुडघाभर पाणी येऊ शकते. पलीकडे शाळा असते, दूध संकलन केंद्र असते, बाजार असतो. मोटरसायकलवाला क्षणभर थांबतो, अंदाज घेतो आणि गाडी पाण्यात घालतो. बरोबर मध्यावर गाडी आचके देते आणि बंद पडते.

हाच अनुभव हल्ली एका नव्या वाहनालाही येतो. फुगीर, जाड टायरांची चार चाके आणि मोटरसायकलसारखे हँडल असलेली ही गाडी एटीव्ही या नावाने ओळखली जाते. कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटक ती चालवतात; भारतीय लष्करही दुर्गम भागात ती वापरते. चिखल, वाळू, दगड यांतून जाण्यासाठीच ती बनवलेली असते. मग पाण्यात तीही का बंद पडते?

‘पाणी गेले म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पाणी कोठे गेले हा खरा प्रश्न आहे. कारण पाणी चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी जाऊ शकते. प्रत्येक ठिकाणी त्याचा परिणाम वेगळा, खूण वेगळी आणि उपायही वेगळा. एका ठिकाणच्या पाण्यावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी केला, तर शंभर रुपयांचे काम पंधरा-वीस हजारांवर जाते. म्हणून या लेखात आपण कारणे एकेक करून तपासू. यातले बहुतेक विज्ञान माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी योग्य वेळी एकत्र याव्या लागतात: हवा, इंधन आणि ठिणगी. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोलची वाफ ओढली जाते. दट्ट्या वर जाताना हे मिश्रण दाबले जाते. मग प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. चौथ्या फेरीला पुन्हा वर येताना तो जळलेला वायू सायलेन्सरवाटे बाहेर टाकतो. तिघांपैकी एकाचीही गैरहजेरी झाली, की इंजिन थांबते. म्हणजे गाडी बंद पडली की विचारायचा पहिला प्रश्न असा: तिघांपैकी कोण गैरहजर आहे?

ठिणगी चोरणारे पाणी

सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत निरुपद्रवी कारण हे आहे. प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम मिलिमीटरभराची फट ओलांडण्यासाठी विजेला दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. एवढा दाब असलेली वीज नेहमी सोपी वाट शोधते. प्लगच्या टोपीत किंवा चिरलेल्या वायरीवर गढूळ पाणी साचले, की फट ओलांडण्याऐवजी ती पाण्याच्या थरावरून इंजिनाच्या धातूत निघून जाते. ठिणगी पडत नाही किंवा अशक्त पडते.

पाणी वीजवाहक आहे का, हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी ‘हो’ म्हणतील. येथे एक सोपा प्रयोग करता येईल.

प्रयोग १. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, एक किलोओहमचा रोधक आणि दोन खिळे एका मंडलात जोडा. खिळे प्रथम बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात बुडवा. एलईडी लागत नाही. आता ओढ्याचे गढूळ पाणी घ्या; एलईडी मिणमिणतो. त्यात चिमूटभर मीठ टाका. तो चांगला प्रकाशतो. वीज वाहून नेणारे पाणी नसून त्यात विरघळलेले क्षार असतात. नऊ व्होल्टला एवढे होत असेल, तर वीस हजार व्होल्टला काय होईल याचा अंदाज विद्यार्थीच करतील.

या दोषाची खूण म्हणजे गाडी एकदम न थांबता आधी आचके देते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली, की बहुधा चालू होते. नव्या गाड्यांत ठिणगीची इलेक्ट्रॉनिक पेटी बंदिस्त असते, पण टोपीचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी ते बदलणे हा स्वस्त विमा होय.

कार्ब्युरेटरची श्वासनळी

दुसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या एटीव्हींमध्ये ते वारंवार सापडते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत इंधन फवारणारी यंत्रणा आली. तरीही कार्ब्युरेटरच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक लहान वाटी असते. वरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल वर चढते. त्यासाठी वाटी बाहेरच्या हवेशी जोडलेली असावी लागते. हे काम एक बारीक रबरी नळी करते. ती इंजिनाच्या खाली मोकळी लोंबत असते.

गाडी पाण्यात शिरली, की सर्वांत आधी हीच नळी बुडते. आता वाटीला मोकळ्या हवेचा दाब मिळत नाही. हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते. क्वचित नळीतून पाणीही ओढले जाते. इंजिन काही क्षण चालते आणि मग गुदमरते. कोरड्यावर येऊन नळी मोकळी झाली, की जणू काही झालेच नाही अशी गाडी चालू होते.

प्रयोग २. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ खिळ्याने बारीक भोक पाडा. बाटली पाण्याने भरा. झाकण उघडे असताना भोकातून धार लागते. झाकण घट्ट लावा, धार थांबते. तेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोके का पाडतो, याचे उत्तर हेच आहे. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते.

उपाय सोपा आहे. श्वासनळीला जोड देऊन तिचे दुसरे टोक हँडलजवळ उंचावर नेऊन बांधायचे. टोक वर असले तरी पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून ते खाली वाकवून ठेवायचे.

सर्वांत धोक्याचे पाणी: हवेच्या वाटेने आलेले

आता मुख्य मुद्दा. १५० घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला जास्तीत जास्त ५ लिटर हवा ओढते. त्या हवेच्या वाटेचे तोंड पाण्याखाली गेले, तर इंजिन त्याच जोराने पाणी ओढू लागते. एअर फिल्टरचा कागद वा स्पंज हवेतली धूळ अडवतो, पाणी अडवत नाही.

किती पाणी आत गेले की धोका? हे गणित विद्यार्थ्यांना करायला द्यावे. समजा इंजिनाचे दाबगुणोत्तर १० आहे. म्हणजे दट्ट्या सर्वांत वर असताना उरणारी जागा एकूण जागेच्या एकदशांश असते. उरणारी जागा ‘ज’ मानली, तर (१५० + ज) = १० ज. यावरून ज = १६.७ घनसेंटिमीटर. म्हणजे औषधाचे साडेतीन चमचेसुद्धा नव्हे! सिलिंडरमध्ये याहून जास्त पाणी असेल, तर दट्ट्या वरपर्यंत जाऊच शकत नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही असे आपण शिकवतो. नेमके सांगायचे तर पाण्याचे आकारमान केवळ १ टक्क्याने कमी करण्यासाठी सुमारे २२० वातावरण दाब लागतो. पेट्रोल इंजिनात इंधन जळतानाचा सर्वाधिक दाब साधारण ५०-६० वातावरणांच्या आसपास असतो. वेगात असलेला दट्ट्या सात-आठ हजारांश सेकंदात तळापासून वर येतो आणि या न दबणाऱ्या पाण्यावर आदळतो. अशा वेळी दट्ट्याला फिरत्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी मोडून इंजिनाची भिंतही फोडतो. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन लॉक झाले’ ते हेच.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. शिवाय जुन्या ट्रॅक्टरचा इंधनपंप यांत्रिक असतो. म्हणून ट्रॅक्टर पाण्यातून सहज जातो असे आपण पाहतो. पण डिझेलचे दाबगुणोत्तर १८ च्या आसपास असते. २५०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये वर उरणारी जागा ३७ घनसेंटिमीटरच भरते. डिझेलगाडी पाण्यात सहज थांबत नाही हा तिचा गुण. पण त्यामुळेच चालक तिला जास्त खोल नेतो आणि पाणी ओढले गेल्यास नुकसानही मोठे होते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. पाण्यात बंद पडलेली गाडी लगेच किक मारून, सेल्फ लावून किंवा गिअरमध्ये टाकून ढकलत चालू करू नये. अनेकदा गाडी बंद पडताना इंजिन शाबूत असते. ते मोडते त्यानंतरच्या धडपडीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्यात बुडाली. अशा पुरातून बाहेर काढलेल्या गाडीत सिलिंडर कोरडा आहे याची खात्री होईपर्यंत किल्ली फिरवायची नसते. गाडी ढकलायची ती न्यूट्रलमध्येच.

सायलेन्सरचा बागुलबुवा

‘सायलेन्सरमध्ये पाणी गेले म्हणून गाडी बंद पडली’ असे आम्ही अनेकदा ऐकतो. हे कितपत खरे? सायलेन्सरचे तोंड ३० सेंटिमीटर पाण्याखाली असेल, तर तेथे पाण्याचा जादा दाब वातावरणाच्या जेमतेम ३ टक्के असतो. चालत्या इंजिनातून बाहेर पडणारा वायू एवढे पाणी सहज लोटतो. बुडबुडे येतात ते त्याचेच. अडचण होते ती चालकाने घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर. मग वायूचा जोर कमी पडतो, इंजिन थांबते आणि पाणी सायलेन्सरमध्ये शिरते.

याचा पुरावा नगरमध्येच पाहता येईल. येथे लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. टी-५५, टी-७२ या जातीचे रणगाडे तयारी केल्यावर सुमारे ५ मीटर खोल नदीच्या तळावरून चालत जाऊ शकतात. त्यासाठी हवा आत घेणारी उंच नळी पाण्याच्या वर काढलेली असते. जळलेला वायू मात्र पाण्यातच सोडला जातो. तेथे फक्त एकाच दिशेने उघडणारी झडप बसवलेली असते. श्वास घेण्याची वाट उंच हवी, सोडण्याची बुडाली तरी चालते, हे सूत्र एटीव्हीपासून रणगाड्यापर्यंत सारखेच आहे. नगरजवळच्या वाहननगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेने टाटा मोटर्सबरोबर विकसित केलेले आठ चाकांचे चिलखती वाहन तर पाण्यावर तरंगतच जाते.

गरम पेटी, गार पाणी

काही वेळा गाडी पाण्यातून सुखरूप बाहेर येते आणि आठवड्याने बिघडते. याचे कारण वायूंच्या नियमात आहे. गिअरपेटीतली हवा ९० अंश सेल्सिअसला तापलेली आहे आणि पेटी एकदम २७ अंशांच्या पाण्यात बुडाली असे समजू. निरपेक्ष मापनात तापमान ३६३ वरून ३०० केल्विन झाले. पेटी पूर्ण बंद असेल, तर आतला दाब सुमारे १७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ खेचता येईल एवढे शोषण तयार होते. पेटीची श्वासनळी पाण्यात असेल तर तिच्यातून, नाही तर रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळून ते दुधाळ चहासारखे दिसू लागते. अशा तेलाची वंगणशक्ती उरत नाही आणि बेअरिंग गंजतात.

प्रयोग ३. काचेच्या बाटलीला नळी खुपसलेले बूच लावा. बाटली गरम पाण्यात धरून तापवा. मग उलटी करून नळीचे टोक रंगीत पाण्यात बुडवा. बाटली गार होऊ लागली, की रंगीत पाणी नळीतून वर चढते.

यावरून एक व्यवहारज्ञान मिळते. दूरवरून दामटत आलेली गाडी काठावर पाच-दहा मिनिटे गार होऊ द्यावी, मगच पाण्यात घालावी.

इंजिन चालू, गाडी थांबलेली

हा दोष वरच्यांहून वेगळा ओळखला पाहिजे. बऱ्याच एटीव्हींत आणि गिअर नसलेल्या स्कूटरांत इंजिनाची गती चाकाकडे रबरी पट्ट्याने नेलेली असते. पट्टा कप्पीला घट्ट धरतो तो घर्षणामुळे. पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरले, की घर्षण कमी होऊन पट्टा घसरतो. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी हलत नाही. येथे ठिणगी किंवा पेट्रोल तपासण्यात अर्थ नसतो. बऱ्याच एटीव्हींत पेटीच्या तळाशी बूच असते. ते उघडून पाणी काढावे. मग न्यूट्रलमध्ये इंजिन थोडा वेळ चालवावे, पट्टा वाळतो.

दोष शोधण्याचा क्रम

आता वरील सर्व गोष्टी एका क्रमात मांडू. अंदाजाने वाटेल ते खोलू नये. प्रत्येक पायरीला एक शक्यता बाद करत जावे. शास्त्रीय पद्धत म्हणतात ती हीच.

१. किल्ली बंद करा. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत कोरड्या, उंच जागी आणा. किक वा सेल्फ नाही.

२. एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टर कोरडा असेल, तर पाणी हवेच्या वाटेने आत गेलेले नाही. पायरी ४ वर जा. ओला असेल, तर पायरी ३.

३. प्लग काढा. टोपी प्लगच्या भोकापासून दूर धरा. किल्ली बंद ठेवूनच किक हळूहळू, मग जोराने मारा. भोकातून पाण्याची पिचकारी येते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. पेट्रोलही उडते, म्हणून जवळ विडी-काडी नको. पाणी येणे थांबेपर्यंत हे करा. फिल्टर वाळवा किंवा बदला. किक मुळीच हलत नसेल किंवा आतून खडखड येत असेल, तर तेथेच थांबून गाडी कारागिराकडे न्या.

४. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पाहा. तेल दुधाळ असेल, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

५. प्लग, टोपी, वायर आणि विजेचे जोड पुसून कोरडे करा.

६. कार्ब्युरेटर असेल, तर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाण्याची घनता पेट्रोलपेक्षा जास्त असल्याने पाणी तळाशी वेगळे दिसते. पाणी दिसले तर स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत वाटी रिकामी करा. श्वासनळी फुंकून मोकळी करा.

७. आता गाडी चालू करा. चालू झाली तर ब्रेक हळूच दाबत थोडे अंतर जा, म्हणजे ब्रेकही वाळतील.

बुडालेली गाडी ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून ठेवून देऊ नये. ओल्या सिलिंडरला गंज लवकर धरतो.

पेट्रोल आणि पाण्याचा थर वर्गात दाखवायचा असेल, तर पेट्रोलऐवजी गोडेतेल वापरावे.

पाण्यात शिरावे का?

इंजिन दुरुस्त होते. माणूस वाहून गेला तर परत येत नाही. म्हणून आणखी दोन आकडे. एटीव्हीचे चाक ६३ सेंटिमीटर व्यासाचे, २५ सेंटिमीटर रुंद आणि आतली रिम ३० सेंटिमीटरची धरली, तर एका टायरचे आकारमान सुमारे ६० लिटर भरते. चारही चाके पूर्ण बुडाली, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार २४० किलो वजनाइतकी उचल मिळते. गाडी ३०० किलो आणि चालक ७० किलो असेल, तर जमिनीवर फक्त १३० किलोंचा भार उरतो. चाकांची पकड जवळजवळ एकतृतीयांश होते. चिखलात उपयोगी पडणारे फुगीर टायर खोल पाण्यात असे उलटतात.

दुसरा आकडा प्रवाहाचा. सेकंदाला २ मीटर वेगाचे पाणी गाडीच्या अर्धा चौरस मीटर बाजूवर आदळले, तर सुमारे १००० न्यूटन, म्हणजे १०० किलो वजनाइतका आडवा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. फरशीवर काठावरून पाणी संथ दिसते, मध्यावर ते तसे नसते.

म्हणून नियम थोडे पण कडक ठेवावेत. तळ दिसत नसेल, पाणी वाहते असेल किंवा फरशीची कडा कळत नसेल, तर गाडी घालू नये. बहुतेक एटीव्हींच्या पुस्तिकांत पाय ठेवण्याच्या पाटापर्यंतच पाणी चालेल असे दिलेले असते. पाणी संथ, उथळ आणि ओळखीचे असेल, तर चालण्याच्या वेगाने, अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवून जावे. वेगाने गेल्यास गाडीपुढे लाट उसळते आणि तीच हवेच्या तोंडात शिरते. भंडारदऱ्यासारख्या धरणाच्या (बांधकाम पूर्ण १९२६) खालच्या गावांत तर आभाळ पाहून अंदाज बांधणे चुकीचे ठरते. विसर्ग सोडल्याची सूचना ऐकूनच फरशी ओलांडावी.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीत हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहे, ते शोधून मोजा. आणि आपल्या गावच्या फरशीच्या कठड्यावर किंवा खांबावर तेवढ्या उंचीची खूण रंगवायची झाली, तर ती कोठे येईल? पावसाळ्यापूर्वी एका वर्गाने एवढे काम केले, तरी गावाला एक उपयुक्त मोजपट्टी मिळेल. मात्र ती खूण गाडीच्या इंजिनाची मर्यादा दाखवते. पाणी वाहते असेल, तर ते खुणेच्या कितीही खाली असले तरी गाडी घालायची नाही, हेही त्याच खांबावर लिहावे.